पळस कोणत्या ऋतूत पाहिला?



पौष पौर्णिमेची वंदना आटोपली, मंडळी घरोघर निघाली आणि आखाडा बाळापूरच्या शिवारातल्या एका नवदीक्षित कुटुंबातला तरुण मागे रेंगाळला. त्याला काही विचारायचे होते, पण चारचौघांत विचारवत नव्हते. सतरंजीची घडी घालता घालता तो म्हणाला, "दीक्षा घेऊन वर्ष झालं. देव्हारा काढला. नवरात्रात घट बसवले नाहीत. भाऊबंदांनी येणं-जाणं कमी केलं. माय रात्री उठून बसते, म्हणते कोपरा रिकामा दिसतो. शेत तेच, कर्ज तेच. खोटं कशाला बोलू, घर ओकंबोकं वाटतं. धम्म म्हणजे एवढंच का?"

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात तो असतो, फक्त विहारात बोलून दाखवायचा संकोच वाटतो. असे विचारणारा माणूस धम्मापासून दूर चालला आहे, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. न पटलेले पटले म्हणून सांगणाऱ्यापेक्षा हा बरा. बुद्धाने कालामांना हेच सांगितले होते, की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नका. त्या रात्री मी त्याला उत्तर दिले नाही. म्हटले, रविवारी सकाळी नदीवर ये.

बाळापूरकरांना कयाधू सांगायला नको, पण हे पाक्षिक दूरच्या गावीही जाते. कयाधू वाशीम जिल्ह्याकडून येते, हिंगोलीजवळून वाहत कळमनुरी तालुक्यात उतरते आणि पुढे पैनगंगेला मिळते. बाळापूरहून शेवाळ्याकडे निघाले की ती भेटते. मोठी नदी नव्हे. पावसाळ्यात गढूळ पाणी दोन्ही थड्या भरून चालते, आणि चैत्र-वैशाखात त्याच पात्रात वाळू, खडक आणि दोन-चार डबकी एवढेच उरते. काठाला करंज आहे, बाभूळ आहे, एखादे उंबर आहे, आणि शेताच्या बांधावर पळस.

आम्ही त्या पळसापाशी थांबलो. मी विचारले, "काय दिसतं?" तो म्हणाला, "काय दिसणार? वाळकं झाड. जळाल्यासारखं."

मी म्हटले, बस खाली. तू आत्ता जे बोललास, तेच वाराणसीच्या एका राजपुत्राने बोलल्याची कथा आपल्या धम्मग्रंथात आहे.

ती कथा किंसुकोपम जातकातली. किंसुक म्हणजे पळस. (संस्कृतात किंशुक म्हणतात, हा पोपट की काय, असा त्याचा अर्थ लावतात, कारण फुलाचा आकार पोपटाच्या चोचीसारखा.) जातककथा ऐकताना एक लक्षात ठेवा. मागच्या जन्मी कोण कोण होते याचा हिशेब मांडायला आपण ती वाचत नाही. कथेत शहाणपण असेल तेवढे घ्यावे, बाकी सोडून द्यावे.

तर वाराणसीच्या ब्रह्मदत्त राजाला चार मुलगे होते. त्यांनी सारथ्याला सांगितले, आम्हाला किंसुकाचे झाड पाहायचे आहे. सारथी हो म्हणाला, पण चौघांना एकत्र नेले नाही. थोरल्याला नेले तेव्हा झाडावर पान नव्हते. दुसऱ्याला नेले तेव्हा पालवी आली होती. तिसऱ्याला फुलांच्या दिवसांत नेले आणि चौथ्याला शेंगांच्या. पुढे एके दिवशी चौघे एकत्र बसले असता किंसुक कसा असतो असा विषय निघाला. थोरला म्हणाला, जळक्या खांबासारखा. दुसरा म्हणाला, छे, वडासारखा. तिसरा म्हणाला, मांसाच्या गोळ्यासारखा. चौथा म्हणाला, शिरीषासारखा. भांडण लागले आणि बापापुढे गेले. राजा म्हणाला, तुम्ही चौघांनीही किंसुकच पाहिला आहे. पण सारथी दाखवत होता तेव्हा कोणत्या काळी हे झाड कसे असते, हे तुम्ही एकानेही त्याला विचारले नाही.

संयुत्त निकायात किंसुक सुत्त आहे, त्यातही हाच दृष्टांत येतो. एक भिक्खू चार जणांना विचारतो की दृष्टी शुद्ध कशाने होते. चौघे चार उत्तरे देतात आणि त्याचे समाधान होत नाही. मग तो भगवान बुद्धांकडे जातो, तेव्हा बुद्ध त्याला पळसाचे झाड सांगतात. चौघांची उत्तरे खोटी नव्हती. ज्याने जसे पाहिले तसे त्याने सांगितले होते.

आता मला यात आवडते ते हे, की बुद्धांनी दृष्टांताला स्वर्गातला कल्पवृक्ष घेतला नाही. पळस घेतला. बांधावरचा, कोणी न लावलेला, गुरे फारसे तोंड न लावणारा. जो तुमच्या-माझ्या शिवारात आहे. म्हणजे हा दृष्टांत खरा की खोटा हे पाहायला आपल्याला कोणा पंडिताकडे जावे लागत नाही. वर्षभर नदीवर जावे लागते, एवढेच.

म्हणून पळसाचे वर्ष तुम्हाला सांगतो. शेतकऱ्याच्या घरात यातले अर्धे ठाऊकच असते, पण ठाऊक असणे आणि पाहणे यांत फरक आहे.

माघात पाने गळून जातात. आपण म्हणतो पळसाला पाने तीनच, पण या दिवसांत एकही नसते. फांद्या वेड्यावाकड्या, खोड खरबरीत, आणि डहाळ्यांच्या टोकांना काळपट झुबके. लांबून झाड खरोखर वणव्यातून निघाल्यासारखे दिसते. फाल्गुनात त्याच काळ्या झुबक्यांतून केशरी फुले उसळतात. अजून पान नाही, सारे झाड फुलांचेच. फुलाला वास नाही, पण आत मध भरपूर. मैना, बुलबुल, कोतवाल, पोपट, इवलासा शिंजीर, कावळे, खारी, सगळ्यांची तिथे पंगत बसते. या पंगतीत कोणाला वेगळे बसवलेले मी पाहिले नाही. चोच बुडवताना पाखराच्या डोक्याला पराग लागतो आणि तो दुसऱ्या फुलावर जातो. पाखराला मध मिळतो, झाडाला बी धरते. प्रतीत्यसमुत्पाद हा शब्द ऐकून नवे उपासक बिचकतात. शब्द जड आहे, पण गोष्ट ही आहे. हे आहे म्हणून ते होते. झाडाच्या आत कोणी देव बसून फुले उमलवत नाही.

चैत्र-वैशाखात फुले सरतात, चपट्या फिक्या शेंगा लोंबू लागतात. एका शेंगेत टोकाला एकच बी, तीच पळसपापडी. जुन्या बाया ती मुलांना जंतांवर देत. वाऱ्यावर शेंगा सळसळतात आणि झाड खरेच वाळल्या शिरीषासारखे वाटते. चौथा राजपुत्र खोटे बोलला नव्हता. त्याच सुमारास तांबूस मऊ पालवी फुटते, मृगापर्यंत तिची चांगली रुंद पाने होतात, आणि श्रावणात तुम्ही त्या झाडाखाली उभे राहिलात तर माघातले झाड हेच, असे शपथेवर सांगितले तरी मुलांना पटायचे नाही. पान तीन म्हणतो ती खरे पाहता एकाच पानाची तीन दले आहेत. कोणी उत्साही वक्ता त्यात त्रिशरण शोधील. मी शोधणार नाही, झाडाला झाड राहू द्यावे.

या तीन पानांची दुसरी एक आठवण आपल्या घरांत आहे. नव्या पिढीला ती सांगत नाहीत, पण सांगितली पाहिजे. पळसाच्या पानांना काड्या टोचून पत्रावळ लावतात, द्रोण करतात. गावातल्या लग्ना-कार्यात पंगती त्याच्यावर उठत. पंगत उठली की उष्ट्या पत्रावळी बाहेर येत आणि आपल्या आजी-पणजी टोपले घेऊन लांब उभ्या असत. त्यांनी पळस पाहिला तो असा. तेही पळसाचेच पान होते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना बजावले, की उष्टे खाऊ नका, मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका. आणि २० मार्चला ते हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले. आज कयाधूच्या काठावर हवे तिथे बसून तुमचा मुलगा झाडाकडे पाहतो. गावोगावच्या पाणवठ्यावर वरची बाजू कोणाची आणि खालची कोणाची हे ठरलेले असे, तेव्हा नदीकाठी निवांत बसून पाखरे पाहण्याची सोय आपल्या माणसांना नव्हती. पाणी भरून लवकर निघा, हीच ताकीद. म्हणून नदीवर नुसते बसणे हे रिकामटेकड्याचे काम आहे, असे मला कोणी सांगू नये.

तरुणाला मी हे सांगत होतो तेव्हा त्याने सहज हात वर करून एक काळा झुबका तोडला होता. नखाने एक कळी उकलली. आत केशरी. तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही.

थोड्या वेळाने मी विचारले, "जत्रेला, नवसाला दरसाल किती जायचे?" त्याने हिशेब केला. बोकड, पाहुणे, देवऋषी. म्हणाला, "उसनेच काढायचो. फेडायला दिवाळी जायची." "आणि यंदा?" "यंदा नाही काढले." कर्ज तेच आहे असे तो पौर्णिमेला म्हणाला होता. ते तेच होते, पण त्यात नवी भर पडली नव्हती, हे त्याने मोजले नव्हते.

इथे मला एक गोष्ट कडकपणे सांगायची आहे. धम्म घेतल्याने कर्ज फिटते, पीक वाढते, रोग जातो, असे तुम्हाला कोणी सांगत असेल तर तो नवसाचाच धंदा नव्या नावाने चालवतो आहे. त्याच्या नादी लागू नका. धम्म पाहायला शिकवतो. पीक का बुडाले, कर्ज कशाने वाढले, भांडण कुठून सुरू झाले, हे कारणासह पाहायला शिकवतो. पुढचे हात-पाय तुमचे.

आणि घाई करू नका. बाबासाहेबांनी किती वर्षे पाहिले ते आठवा. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी जाहीर केले, की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर लगेच दुसऱ्या दिवशी त्यांनी दीक्षा घेतली का? नाही. ग्रंथ वाचले, दुसरे धर्म तपासले, १९५० मध्ये श्रीलंकेला जाऊन तिथला बौद्ध धर्म पाहिला, १९५४ मध्ये ब्रह्मदेशात पाहिला. ज्या देशांत धम्म आचरला जातो तिथे तो कसा दिसतो, भारतात तो का लोपला, त्याच्यात काय शिरले आणि काय झडले, हे सारे पाहून १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घेतली आणि दिली. येवला ते नागपूर एकवीस वर्षे. थोरल्या राजपुत्रासारखे त्यांनी एकदाच जाऊन झाड पाहिले असते, तर आज आपण कुठे असतो याचा विचार करा. आणि आपण एका वर्षात निकाल मागतो!

हाच न्याय माणसांनाही लावा. तुमचा दीर, तुमचा भाऊ अजून दीक्षेला तयार नसेल, तुमच्यावर रुसला असेल, तर तो आज कोणत्या ऋतूत आहे ते बघा. कायमचा तोडून टाकू नका.

आता मायचा प्रश्न. रिकाम्या कोपऱ्याचा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांवर आपण तरुण लोक अन्याय करतो. देव्हारा काढायला दहा मिनिटे लागतात, पण साठ वर्षांची भीती अशी निघत नाही. या माउलीला रात्री टिटवी ओरडली की झोप येत नाही. टिटवी ओरडली म्हणजे कोणीतरी जाणार, हे तिने लहानपणापासून ऐकलेले. पूर्वी निदान देवाला हात जोडून ती झोपी जाई, आता तेही नाही. "अंधश्रद्धा सोड" असे तिला ओरडून सांगणे म्हणजे तापाच्या माणसाला ताप सोड म्हणण्यासारखे आहे.

मी त्याला सांगितले, मायला चैत्रात नदीवर आण. पाणी आटले की पात्रातल्या खड्या-वाळूत टिटवी उघड्यावरच अंडी घालते. घरटे म्हणावे तर एक खळगा, भोवती चार खडे. अंडी मातकट, काळ्या ठिपक्यांची, पावलाखाली येतील तरी दिसायची नाहीत. तुम्ही जवळ गेलात की टिटवी उडते, डोक्यावर घिरट्या घालते आणि कंठशोष करते. तुम्ही लांब गेलात की गप्प बसते. रात्री कोल्हा फिरकला, कुत्रे फिरकले, कोणी वाळू भरायला आले, की तेच. तिला तुमच्या घरातल्या मरणाची खबर नसते. तिला तिच्या पिलांची धास्ती असते. आई आहे ती. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुढच्या रात्री ओरडणे ऐकून मायच्या मनात दुसरा विचार येईल, बिचारीच्या अंड्यांवर कोण आले असेल? भीतीच्या जागी करुणा आली तर ती अशी येते, भाषणाने येत नाही.

पिंपळावरचा मुंजा, चिंचेवरचे भूत, यांचीही गत हीच. ज्या झाडाखाली दिवसा आणि चांदण्यात बारा वेळा बसलात, त्याच्यावर भूत राहायला मागत नाही. पण उलट चूकही करू नका. पिंपळ हा बोधिवृक्ष म्हणून त्याला दोरे गुंडाळणे, फेऱ्या मारणे, नवस बोलणे असे सुरू झाले तर आपण जिथून निघालो तिथेच पोहोचू. बोधी प्राप्त झाल्यावर बुद्धांनी त्या झाडाकडे पापणी न लवता सात दिवस पाहिले, असे परंपरा सांगते. बुद्धगयेला त्या जागेला अनिमेषलोचन म्हणतात. दिवसांच्या आकड्याचा आग्रह धरू नका, पण कृतज्ञतेची रीत कोणती सांगितली ते बघा. पाहणे.

पावसाळ्याचे थोडे सांगून पुरे करतो. वर्षावास कसा सुरू झाला, हे तुमच्यातल्या अनेकांना ठाऊक नसेल. विनयपिटकातल्या महावग्गात ती हकिकत आहे. पूर्वी भिक्खू पावसातही फिरत. राजगृहाचे लोक कुरकुर करू लागले, की हे श्रमण हिरवे गवत तुडवतात, लहान जीव मारतात. पाखरेसुद्धा पावसाळ्यात झाडाच्या शेंड्यावर घरटे करून एका जागी राहतात. बुद्धांनी ते ऐकले आणि तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घातला. लोकांची तक्रार खरी म्हणून संघाचा नियम बदलला, आणि तक्रारीत दाखला दिला तो पाखरांचा. आषाढ पौर्णिमेनंतर कयाधूच्या काठी बाभळीला पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवर सुगरणीची घरटी लोंबू लागतात, तेव्हा मुलांना ही गोष्ट सांगा. हेही सांगा, की ते घरटे विणतो तो नर. आपण नाव मात्र बाईचे दिले. घरात चहाचा कप न उचलणाऱ्या उपासकांनी यावर थोडा विचार करावा.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्याच दिवसांत नदीच्या ओल्या वाळूवर शेपटी वरखाली करत धावणारा धोबी पक्षी दिसू लागतो. तो उत्तरेकडून आलेला असतो आणि पळस फुलून गेला की परत निघतो. त्याला आणायला कोणी जात नाही, घालवायलाही नाही.

एक दुखणे मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. पात्रातली वाळू उपसली जाते आहे, काठ ढासळतात, बांधावरचे पळस सरपणाला जातात. जे आपल्याला दिलेले नाही ते घेऊ नये, हे शील आपण दर पौर्णिमेला मोठ्याने म्हणतो. नदीची वाळू कोणी दिली, हे ट्रॅक्टर भरणाऱ्याने स्वतःला विचारावे. त्यात आपल्या वस्तीतली पोरेही मजुरीला असतात. त्यांच्या पोटाचा प्रश्न मला कळतो, म्हणून त्यांना दूषण देत नाही. पण टिटवीने अंडी घालायची कुठे, हेही त्यांच्या कानावर असावे.

माघ पौर्णिमेला सकाळी वंदना विहारात होईल, आणि ऊन चढण्याआधी आपण सगळे नदीवर जाऊ. मुलांसाठी एक वही आणा, महागाची नको. प्रत्येक घराने एक झाड ठरवायचे, पळस, करंज, उंबर, बाभूळ, जे आवडेल ते, आणि बाराही पौर्णिमांना त्याच झाडापाशी यायचे. पाने आहेत की नाहीत, कळी कुठवर आली, कोण पाखरू बसले, पाणी कोणत्या दगडापर्यंत होते, हे लिहायचे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचे आणि नातवंडांनी लिहून घ्यायचे. म्हाताऱ्यांना घरी ठेवू नका, त्यांना आपल्यापेक्षा जास्त झाडे ओळखता येतात. तो तरुण मायला आणतो म्हणाला आहे. काठावर उतरताना खडी निसरडी आहे, तिला दोघांनी हात द्यावा. आणि कळ्या तोडू नका, एकाने एक तोडून दाखवली तेवढी पुरे.